ही पेशी कुणाच्या पोटची?

शोदोशिमा, ८ मार्च १९८६

चि. हिसानो,

पत्राची सुरुवात ऋतूच्या वर्णनाने करावी असं तुझी आई सांगायची. ती असती तर अंगणातल्या उमेच्या झाडाला आलेल्या फुलांवर चार ओळी तिनेच घातल्या असत्या. मला त्या जमत नाहीत, तेव्हा सरळ मुद्द्यावर येतो.

आपल्या धाकट्या तामोत्सुच्या कानामागची गाठ तू नव्या वर्षाला आलीस तेव्हा हात लावून पाहिली होतीस. 'दाखव कुणाला तरी' म्हणालीस आणि बोट पकडायला पळालीस. गेल्या महिन्यात त्याला समुद्रापलीकडच्या इस्पितळात नेलं. त्यांनी गाठ काढली आणि तपासायला पाठवली. काल निकाल आला. डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं, दार लावून घेतलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. तुझ्या आईच्या वेळीही असाच चहा मिळाला होता, त्यामुळे पुढचं मला ऐकायच्या आधीच कळलं.

लसिकाग्रंथींचा कर्करोग आहे म्हणे. हॉजकिन असं काहीतरी नाव. गाठीत मोठाल्या पेशी सापडल्या, एकेकीच्या पोटात कितीतरी केंद्रकं, त्यावरून ठरलं. जबड्याखाली आणखी एक लहान गाठ आहे, तीही त्यातलीच. जहाल औषधं द्यावी लागतील, आणि पुढचं काही सांगता येत नाही असं डॉक्टर म्हणाले.

तामोत्सु बाहेर बाकावर मासिक वाचत बसला होता. मी बाहेर येऊन म्हणालो, "साधी सूज आहे." तो "बरं" म्हणाला, मासिक होतं तिथे ठेवलं आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. 

शरदात त्याचं लग्न आहे. मिवाकोच्या घरी, त्या शेवयावाल्या फुजिकावांकडे, काय सांगायचं ते मी बघतो. तू एवढंच कर. इस्पितळातून गाठीच्या कापांच्या काचा मागवून घे आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या डोळ्यांनी बघ. सोया सॉसच्या पिंपांमध्ये वाढलेली पोर मेलेल्यांचं मांस बघायला शिकतेय, म्हणून गावाने मला कमी ऐकवलेलं नाही. आता त्या शिक्षणाचा घराला उपयोग होऊ दे.

तामोत्सुला एक अक्षरही कळता कामा नये.

तोकुहेई


ओकायामा, १९ मार्च

बाबा,

काचा आल्या. गाठ ज्या मेणाच्या वडीत घातली होती ती वडीही त्यांनी पाठवली. चांगली माणसं आहेत.

मी आधी लेबलावर कागद चिकटवला. इवागाकी हे आपलं आडनाव समोर दिसत राहिलं तर डोळा लबाडी करतो. तरी पहिल्या नजरेला मलाही हॉजकिनच वाटलं. पेशी तुम्ही लिहिल्यात तशाच आहेत, मोठ्या, आणि आत केंद्रकांचा द्राक्षासारखा घोस. आजूबाजूला इओसिनोफिल नावाच्या लालभडक पेशींची गर्दी. मोठ्या पेशी आणि ही गर्दी, दोन्ही हॉजकिनमध्ये दिसतात. तिथल्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही.

पण मग मी पुन्हा सावकाश बघितलं. हॉजकिनच्या पेशीत केंद्रकं बहुधा एक-दोनच असतात, आणि प्रत्येकात मधोमध एक मोठा ठिपका असतो, घुबडाच्या डोळ्यासारखा रोखलेला. इथे घोस आहेत, पण रोखून बघणारं कुणी नाही. दुसरं असं की लसिकाग्रंथीत पेशींच्या गोल गोल वाड्या असतात. कर्करोग शिरला की तो वाड्या मोडतो, रस्ते मोडतो, सगळं सपाट करतो. तामोत्सुच्या गाठीत वाड्या शाबूत आहेत, आणि या मोठ्या पेशी वाडीच्या आत घरच्यासारख्या बसल्या आहेत.

आपल्याकडच्या तरुण पुरुषांना कानामागे अशा गाठी येतात. त्याला किमुरांचा आजार म्हणतात. चिवट आहे, पण जिवावर बेतणारा नाही. मला त्याचा संशय आहे. मात्र संशयावर मी कुणाला जिवंत म्हणू शकत नाही. अनेक केंद्रकांची पेशी बहुधा अनेक पेशी एकमेकींत मिसळून तयार होते. मिसळताना चेहरा जातो. ती मुळात कुणाच्या पोटची, हे नुसतं बघून सांगता येत नाही, त्यासाठी एकेक अँटिबॉडी लावून रंग करून बघावं लागतं. ज्या कुळाची अँटिबॉडी चिकटेल ते तिचं कूळ. याला वेळ लागेल.

तोवर फुजिकावांकडे काही बोलू नका. इस्पितळाची औषधं सुरू करू देऊ नका. आणि तामोत्सुचं रक्त आणि लघवी तपासून घ्या, या आजारात कधी कधी मूत्रपिंडंही धरली जातात.

हिसानो


शोदोशिमा, २ एप्रिल

चि. हिसानो,

रक्त आणि लघवी दिली. निकाल थेट तुझ्याकडे येईल.

तामोत्सुची काळजी करू नकोस. त्याला काही कळलेलं नाही, माझं बारीक लक्ष आहे. उलट पोरगा आता कुठे माणसात आलाय. पिंपं ढवळायला वरच्या फळ्यांवर चढावं लागतं म्हणून ते काम मी त्याच्याकडून काढून घेतलं. एरवी "मी काय म्हातारा झालो का?" म्हणून माझ्या अंगावर आला असता. आता मी म्हणेन त्याला "बरं, बाबा". खोली आवरली, जन्मात पहिल्यांदा. मासेमारीच्या काठ्या आपल्या कामावरच्या ओनिशीला देऊन टाकल्या, म्हणाला, वापरात नाहीत. त्याच ओनिशीला रोज जवळ बसवून कुठल्या पिंपाचा स्वभाव कसा आहे, कुठलं लवकर फसफसतं, कुठल्याला थंडीत गोणपाट लागतं, सगळं शिकवतोय. इतकी वर्षं मी बोंबलत होतो की लोकांना शिकव, आता सुचलं.

मीही त्याच्यावर ओरडत नाही. जेवायला सणासुदीचा ताय मासा आणतो. परवा तो म्हणाला, "बाबा, रोज काय सण आहे?" मी म्हणालो, "स्वस्त मिळाला." हसला. म्हणजे काही कळलेलं नाही.

तुझ्या पेशी अजून तोंड उघडत नाहीत का? फुजिकावांचं तू विचारू नकोस, ते माझ्याकडे लागलं.

तोकुहेई


ओकायामा, ९ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तो माणसात आलेला नाही. तो निघायची तयारी करतोय.

आईने किमोनो वाटले होते, आठवतंय? मला निळा दिला आणि म्हणाली, "मला आता घट्ट होतो गं." तेव्हा ती वाळून निम्मी राहिली होती. आणि आपण तिघं स्वयंपाकघरात एकमेकांना सांगत होतो की आईला बरं वाटतंय, कपाट आवरायला घेतलंय. तिला अल्सर आहे असं आपण सांगितलं, तिने ते ऐकून घेतलं आणि शेवटपर्यंत आपल्यासाठी ते नाटक चालू ठेवलं. आता तामोत्सु तुमच्यासाठी तेच करतोय. तुमचा तो ताय मासा पहिल्या दिवशीच सगळं बोलून गेला असणार.

इकडचं सांगते. हॉजकिनच्या पेशींवर जो रंग चढतो तो मी करून पाहिला. पहिल्या वेळी रंगच कच्चा निघाला, खात्रीच्या हॉजकिनच्या काचेवरही धड चढला नाही, म्हणून सगळं टाकून दिलं. दुसऱ्या वेळी खात्रीच्या काचेवर छान चढला आणि तामोत्सुच्या मोठ्या पेशी कोऱ्या राहिल्या. मी काच घेऊन आमच्या प्राध्यापक उओझुमींकडे गेले. आमच्याकडे एक सूक्ष्मदर्शक आहे, त्याला दोन माणसांनी समोरासमोर बसून एकच काच बघायची सोय आहे. त्यांनी बघितलं. मग लेबलावरचा कागद नखाने काढला.

"इवागाकी, हे तुझं आडनाव."

"हो, भाऊ आहे. मी नाव झाकून बघितलं."

"नाव झाकलंस. मन झाकलंस का?"

मी पुन्हा त्या कोऱ्या पेशी दाखवल्या.

"रंग चढला नाही म्हणजे ती कोण नाही एवढंच कळलं," ते म्हणाले. "दारात उभा असलेला माणूस चोर नाही, एवढ्यावर मी त्याला घरात घेत नाही. कुणाचा कोण ते सांग. तोवर हॉजकिनच."

राग आला. पण ते बरोबर होते, आणि दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर मीही हेच म्हणाले असते. त्यांनी इस्पितळाला कळवलंय की मेच्या मध्यापर्यंत थांबा, नंतर औषधं सुरू करा.

माझा अंदाज असा आहे की या पेशी वाडीच्या आत जाळी धरून बसणाऱ्या पेशींपासून झाल्या आहेत. प्रत्येक वाडीत अशा पेशी असतात, आपले लांब हात एकमेकींत गुंतवून त्या सगळी वाडी धरून ठेवतात. त्यांना ओळखणारी अँटिबॉडी आमच्याकडे आहे, पण ती मेणात घातलेल्या मांसावर चालत नाही. ताजं मांस लागतं, काढल्याबरोबर गोठवलेलं. म्हणजे जबड्याखालची ती दुसरी गाठ मला हवी, आणि तामोत्सु इथे यायला हवा.

त्याला खरं सांगून पाठवा, बाबा. संशय काय आहे, कशासाठी बोलावलंय, सगळं.

हिसानो


शोदोशिमा, १६ एप्रिल

चि. हिसानो,

तामोत्सु सोमवारच्या बोटीने येतोय. मी त्याला सांगितलं की ताईच्या इस्पितळात हात चांगले आहेत, दुसरी गाठ तिथेच काढून घेऊ, व्रण दिसायचा नाही. "बरं" म्हणाला.

खरं सांगा म्हणतेस. तू काचेशी बोलतेस, तुला सोपं आहे. मी रात्रंदिवस त्याच्या तोंडाकडे बघतो. दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा 'आंघोळीचं पाणी तापलंय' एवढंच बाहेर पडलं. आजवर या घरात, या बेटावर, कुठल्या बापाने मुलाला असं सांगितलंय? आधी घरच्यांनी ऐकायचं, गिळायचं आणि आजारी माणसाला सुखाने झोपू द्यायचं. मी हेच शिकलो.

आता दुसरं. तू लिहिलं होतंस, फुजिकावांकडे बोलू नका. ते पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशीच मी मध्यस्थ बाईंना घेऊन तिकडे जाऊन आलो होतो. लग्न मोडलं. मोडणारे आपण, म्हणून दिलेला आहेर त्यांच्याकडेच राहू दिला. कारण विचारलं असतं तर काय सांगणार होतो देव जाणे. 'आमच्या घरची अडचण' एवढंच म्हणालो आणि चटईवर डोकं टेकलं. फुजिकावाही वाकले. भला माणूस, एक शब्द विचारला नाही. मिवाको अंगणात शेवया वाळत घालत होती. मी बाहेर पडताना तिने मान लवून नमस्कार केला. त्या पोरीच्या चेहऱ्याकडे माझ्याने बघवलं नाही. चार वर्षांत विधवा होण्यापेक्षा हे बरं, असं मी रस्ताभर स्वतःला सांगत आलो.

तामोत्सुला मी सांगितलं की त्यांच्याकडून मोडलं.

तो म्हणाला, "बरं झालं." पुन्हा तिचं नाव काढलेलं नाही.

मी चुकलो असेन तर तू मला घालून पाडून बोल. पण आधी त्याला बघ.

तोकुहेई


ओकायामा, १२ मे

बाबा,

आधी शेवटचं वाक्य लिहिते, म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल. तामोत्सुला कर्करोग नाही.

आता नीट सांगते. तो आला तेव्हा मी बंदरावर गेले होते. लहान पिशवी, केस नीट कापलेले, नवे बूट. मला म्हणाला, "ताई, तू दमलेली दिसतेस. जेवतेस ना वेळेवर?" गाठ कशाला काढायची, किती दिवस राहायचं, एक प्रश्न नाही. माझ्या ओठावर आलं होतं. पण खरं काय ते मलाच तेव्हा माहीत नव्हतं, आणि अर्धं सांगून त्याला टांगून ठेवायचं धाडस झालं नाही. तुमच्यावर चिडले होते ती तिथेच वरमले.

गाठ काढली ती मी शस्त्रक्रियेच्या दारातच हातात घेतली आणि धावत आणून गोठवली. कापायला बसले तर पहिले काप फाटले. मग खाली जाऊन आमच्या प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला म्हणाले, तू काप, मी बघते. रंग चढल्यावर काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. वाडीच्या आत जाळी तपकिरी उमटली होती, अगदी बारीक धाग्यांपर्यंत. आणि त्या जाळीत बसलेल्या घोसवाल्या पेशी, त्याही तपकिरी. एक नाही, दोन नाही, बघेन ती. काहींचे हात तर जाळीच्या धाग्यांत सरळ मिसळत होते.

प्राध्यापक समोर बसले. काच जराजरा सरकवत होते. मला वाटलं आता पुन्हा चोराची गोष्ट ऐकवणार. मग त्यांनी चष्मा काढला.

"वाडीचीच लेकरं," ते म्हणाले. "बाहेरून आलेली नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे मी निदान मागे घेतो. किमुरांचा आजार. या एका गाठीपुरतं बोलतोय हं. उद्या जगातल्या सगळ्या अशा पेशींचं कूळ लावायला बसू नकोस." दारापर्यंत जाऊन परत वळले. "घरी कळव. आज कळव."

मी कोठीत जाऊन रडले.

पण सगळं गोड नाही. लघवीत प्रथिनं सापडली आहेत, बरीच. त्याची मूत्रपिंडं गळताहेत. या आजारात तसं होतं. औषधाने बहुतेकांचं आवरतं, पण वर्षानुवर्षं सांभाळावं लागेल, आणि गाठीही परत येऊ शकतात. तो आता परत तुमच्याजवळ आहे, हे सगळं त्याला सांगा. चांगलं आणि वाईट, दोन्ही. उद्या सांगतो म्हणू नका.

हिसानो


शोदोशिमा, १८ मे

चि. हिसानो,

पत्र हातात घेऊन मी पिंपांच्या खोलीत गेलो आणि तुझ्या आईच्या तसबिरीपुढे ठेवायचं ते तिथेच विसरून आलो, इतका वेडा झालो होतो.

संध्याकाळी तामोत्सुला समोर बसवलं. म्हणालो, "काळजीचं काही कारण नाही. डॉक्टरांनी खात्रीने सांगितलंय. उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत होशील." त्याने वाकून नमस्कार केला. "ऐकून बरं वाटलं, बाबा. तुम्हाला फार त्रास दिला," म्हणाला. आणि उठून ओनिशीला शिकवायला गेला.

मला काही कळेना. उड्या मारायला नकोत? मी मागे गेलो, पुन्हा सांगितलं. "अरे, खरंच सांगतोय!" तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "हो, बाबा, खरंच." लहान पोराला समजावतात तसं. दुसऱ्या दिवशी देवळात जाऊन आईच्या थडग्याशेजारची जागा बघून आला, हे मला भटजींकडून कळलं.

हिसानो, तो माझ्यावर विश्वास ठेवत नाही. मी खरं बोलतोय आणि ते खरं वाटेल असा एकही शब्द माझ्याजवळ उरलेला नाही. तुझं पत्र पुढे केलं तर म्हणाला, "ताईनेही आईच्या वेळी असंच लिहिलं होतं."

तू त्याला लिही. पण मूत्रपिंडाचं लिहू नकोस. मी पाया पडतो. एवढ्या मुश्किलीने चांगली बातमी आलीय, तिच्यात विष कशाला कालवायचं? आधी त्याला पटू दे की तो जगणार आहे. मी फुजिकावांकडे जाऊन नाक घासतो, लग्न पुन्हा जुळवतो. ते पार पडलं की लघवीचं सावकाश सांगू. आजारी मुलगा म्हटलं तर ते दारात उभं करणार नाहीत.

तोकुहेई


ओकायामा, २४ मे

तामोत्सु,

हे पत्र तुला लिहिलंय. बाबांना वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव.

आईच्या पोटाच्या काचा मी बघितल्या होत्या. कर्करोग होता. तिला मी अल्सर लिहिलं, तू ते वाचून दाखवलंस, बाबांनी मान डोलावली. तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेव असं मी म्हणणार नाही. तुझ्या गाठीत काय सापडलं ते सांगते, मग तूच ठरव.

तुझ्या कानामागच्या गाठीत अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी होत्या. इस्पितळाला त्या कर्करोगाच्या वाटल्या. सकृद्दर्शनी कुणालाही वाटल्या असत्या. बाबांना ते सांगितलं गेलं आणि तुला नाही. तू ओळखलंस, हे मला काठ्या दिल्यास तेव्हा कळलं. जबड्याखालची गाठ मी एवढ्यासाठी घेतली की त्या पेशी कुणाच्या पोटच्या हे ताज्या मांसावर बघायचं होतं. त्या तुझ्या ग्रंथीतल्याच, जाळी धरणाऱ्या पेशींपासून झालेल्या निघाल्या. कर्करोग नाही. याला किमुरांचा आजार म्हणतात.

आता उरलेलं. तुझ्या लघवीतून प्रथिनं जाताहेत. पावलं सुजतात का? सकाळी डोळ्यांखाली सूज असते का? असणार, आणि तू ती मरणाची समजत असशील. मूत्रपिंडं धरली गेली आहेत. औषध म्हणून स्टेरॉइड घ्यावं लागेल, त्याने तोंड वाटोळं होईल, भूक वाढेल, झोप उडेल. बहुतेकांना गुण येतो, काहींना येत नाही. थांबवलं की गाठी परत येऊ शकतात, त्याच जागी किंवा दुसरीकडे. मीठ जवळजवळ बंद करावं लागेल. तू म्हातारा होशील असं मला वाटतं, पण कटकटीचा म्हातारा.

बाबा म्हणाले होते, हे शेवटचं तुला कळवू नकोस.

आणखी एक. लग्न फुजिकावांनी मोडलं नाही. बाबांनी मोडलं, तुझ्या आजाराचं कळल्यावर, मिवाकोचा विचार करून. त्यांना माफ कर किंवा भांड, पण गप्प बसू नकोस. आपल्या घरात गप्प बसणं पुष्कळ झालं.

ताई


शोदोशिमा, ८ जून

ताई,

पत्राचा पहिला अर्धा भाग मी जसा वाचायला हवा तसा वाचला. म्हणजे थंडपणे. कर्करोग नाही, पेशी घरच्याच, अमुक आजार, तमुक नाव. छान बेतलंय, म्हटलं. ताई शिकलेली आहे, तिला तपशील घालता येतात. बाबांना बिचाऱ्यांना येत नाहीत. त्यांनी तर मला 'काळजीचं काही कारण नाही, डॉक्टरांनी खात्रीने सांगितलंय, उन्हाळ्यापर्यंत ठणठणीत' हे जसंच्या तसं ऐकवलं. हे वाक्य आईला सांगायला आम्ही दोघांनी पिंपांच्या खोलीत बसून पाठ केलं होतं. तेव्हाही ते उन्हाळ्यापर्यंतच होतं.

मग लघवीची ओळ आली. मी ती पुन्हा वाचली. पावलं, डोळ्यांखालची सूज, वाटोळं तोंड, परत येणाऱ्या गाठी, काहींना गुण येत नाही. मरणाऱ्या माणसाला असं कुणी लिहीत नाही, ताई. मरणाऱ्याला फक्त गोड लिहितात. कुणीतरी मला पहिल्यांदाच वाईट सांगत होतं, म्हणजे मी जगणाऱ्यांत जमा होतो. मी फळीवर बसलो होतो तिथेच रडायला लागलो. ओनिशी धावत आला, त्याला वाटलं पिंपात पडलो.

बाबांना पत्र वाचून दाखवलं, सगळं. ते आधी तुझ्यावर ओरडले, मग माझ्यावर, मग फळ्यांवर कुणी ओल ठेवली म्हणून ओनिशीवर. मीही ओरडलो. लग्नाचं विचारलं. ते पिंपाकडे बघत म्हणाले, "मला वाटलं, तिचं तरी वाचवावं." मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. दोन्ही अजून आहे.

फुजिकावांकडे मी एकटा गेलो. बाबा नाक घासायला येणार होते, त्यांना घरी बसवलं. मिवाको अंगणात होती, दांड्यांवर शेवया ओढून लांब करत. मला बघून तिने काम थांबवलं नाही.

"अडचण सरली का घरची?" तिने विचारलं. असं विचारलं की माझे कान तापले.

मी उभ्या उभ्या सांगितलं. गाठ, पेशी, बाबा का आले होते, मी काय समजून बसलो होतो. मग मूत्रपिंड, औषधं, गाठी परत येतील, काही वर्षांनी काय होईल ते ताईलाही सांगता येत नाही. सगळं तुझ्या पत्रातल्यासारखं, एकही गोष्ट न गाळता. तिचे हात मध्येच थांबले.

"आणि मीठ?" ती म्हणाली.

"जवळजवळ बंद."

"सोया सॉसवाल्याच्या घरी."

"हो."

"आणि आमच्या शेवयांत तर मिठाशिवाय दुसरं काय असतं." ती हसली नाही. "आणखी काही लपवलंय?"

"नाही."

"नीट आठवा."

मी आठवलं. "मला भीती वाटते," म्हणालो. आयुष्यात कुणाला असं म्हणालो नव्हतो.

"मी मार्चपासून रोज विचार करत होते की माझं काय चुकलं," ती म्हणाली. तेव्हा तिला रडू आलं. मला तिथे काय करावं कळेना, म्हणून दांडीचं दुसरं टोक धरलं, शेवया जमिनीला लागत होत्या. लग्नाचं कुणी बोललं नाही. तिच्या वडिलांशी आधी ती बोलणार आहे, आणि ते नाही म्हणाले तर तिने मला ते तसंच, गोड न करता सांगायचं असं ठरलंय.

पुढच्या सोमवारी औषधासाठी तुझ्याकडे येतो. आणि ताई, यापुढे माझ्या काचेवर जे काही दिसेल ते मला आधी लिही. बाबांना मी सांगेन.

तामोत्सु